आदेश येण्याआधीची खबर

ग्रंथालयात नोकरी केली असं सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "मग वाचन भरपूर झालं असेल तुमचं!" झालं, भरपूर झालं. फक्त कथा-कादंबऱ्या वाचायला बाकीचे होते आणि माझ्या वाट्याला परिपत्रकं आली. आता जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत मुलाच्या घरी निवांत बसून वर्तमानपत्र चाळतानासुद्धा 'तत्काल प्रभाव से' असे शब्द दिसले की मी चष्मा सावरून आधी नाव शोधते. सुनेला हसू येतं. "आई, मतलब, दुसऱ्याच कोणाची तरी बदली झालीय, तुमची नाही," असं ती मला समजावते.

आमच्या ह्यांची विमा कचेरीतून साताऱ्याहून जयपूरला बदली झाली, ते पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी मॅट्रिक झालेली, टायपिंग येत होतं आणि हिंदीच्या परीक्षा माहेरी असतानाच दिल्या होत्या. एवढ्या भांडवलावर मला शहरातल्या एका सरकारी सार्वजनिक ग्रंथालयात आस्थापना शाखेत कारकुनाची जागा मिळाली. आस्थापना म्हणजे माणसांचं खातं. कोण कायम, कोण हंगामी, कोणाची रजा शिल्लक, कोणाची बदली. पुस्तकांशी आमचा संबंध एवढाच, की ती ज्या इमारतीत होती त्याच इमारतीत आम्ही बसत होतो.

त्या काळी नोकरांमध्येही किती जाती! जुन्या दरबाराच्या काळापासून असलेले वेगळे, नव्या सरकारने घेतलेले वेगळे, दुसऱ्या संस्थानातून विलीनीकरणात आलेले आणखी वेगळे. प्रत्येकाचे नियम निराळे आणि वरून येणारं प्रत्येक परिपत्रक कोणाला ना कोणाला धक्का देणारं. ते आलं की मी वाचायचं, समजून घ्यायचं, स्टेन्सिल कापून प्रती काढायच्या, सगळ्या विभागांत आणि शहरातल्या शाखांत पाठवायच्या, एक फळ्यावर लावायची आणि 'वाचलं' म्हणून प्रत्येकाची सही घ्यायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगायचं. काम ऐकायला सोपं वाटतं. पण माणसं परिपत्रक वाचत नाहीत, ती त्यात आपलं नाव शोधतात. नाव सापडलं नाही तर ते लपवलं असणार, अशी त्यांची खात्री असते.

माझं आडनाव फाटक. हिंदीत फाटक म्हणजे दार, मोठं दार. माझ्या टेबलापुढून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "क्यों बहनजी, आज फाटक खुला है कि बंद?" म्हणजे काही नवीन खबर आहे का. सुरुवातीला हसायचे. पुढे पुढे त्या प्रश्नाला हसणं जमेना.

त्याला कारणही तसंच घडलं. एकदा खात्याचा आदेश आला, की जीर्ण पुस्तकं निवडून बाजूला काढावीत. हिंदीत त्याला 'छँटनी' म्हणतात. मी आपली मराठी बाई, माझ्या डोळ्यांपुढे बागेतल्या झाडांची छाटणी. मोठ्या अक्षरांत 'विषय: छँटनी' असा मथळा टाइप केला आणि सकाळी फळ्यावर लावून टाकलं. हिंदीत माणसांना कामावरून कमी करणं यालाही छँटनीच म्हणतात, हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी मनात आलं नाही. मथळ्याखालचं कोणी वाचलंच नाही. दुपारी पाहते तर देवघेवीच्या खिडकीवर माणूस नाही, वाचक पुस्तकं हातात धरून ताटकळत उभे, आणि सगळा नोकरवर्ग अंगणात जमलेला. एका चपराशाची बायको तर लेकरांना घेऊन दाराशी येऊन बसली होती.

आमचे ग्रंथपाल माथुरसाहेब खोलीतून बाहेर आले. तोंडात वेलदोडा, आवाज कधी चढवायचे नाहीत. "फाटकजी, ये आपने क्या टाँग दिया?"

मी पायरीवर उभी राहिले आणि अख्खा आदेश वाचून दाखवला. पुस्तकं, फक्त पुस्तकं, माणसं नाहीत. मग फाटकी पुस्तकं बांधणारे आमचे दफ्तरी गफूरमियाँ पुढे आले आणि हळूच म्हणाले, "ये तो हो गया. अब असली बात बताइए."

त्या दिवशी साहेबांनी नियम केला, की कुठलाही कागद फळ्यावर चढण्याआधी तो सर्वांसमक्ष वाचला जाईल. शनिवारी सकाळी वाचकांसाठी दारं उघडण्याआधी सगळे मोठ्या दालनात जमायचे, शाखांतलेही यायचे, आणि मी आठवड्याचे आदेश वाचायची. अवघड शब्द सोपा करून सांगायची. गफूरमियाँ दर शनिवारी न चुकता "अब असली बात" विचारायचे, मी म्हणायची, "हीच असली बात," आणि सगळे हसत कामाला लागायचे. हळूहळू अफवा कमी झाल्या. बहनजी वाचतात ते खरं, असा विश्वास बसला. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

पण कागदावर आलेली गोष्ट सांगणं सोपं असतं. जी अजून कागदावर आलेलीच नाही, तिचं काय करायचं हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आमची एक शाखा जुन्या शहरात, चांदपोलच्या बाजूला होती. एका हवेलीच्या वरच्या मजल्यावर फक्त बायकांसाठी वाचनकक्ष. जिन्याला स्वतंत्र दार, खिडक्यांना जाड पडदे. ज्या घरांतल्या बायका देवळाशिवाय कुठे जात नसत, त्या घूंघट घेऊन इथे येत आणि आत आल्यावर घूंघट मागे टाकून मासिकं वाचत. हा कक्ष चालवायच्या सज्जनकंवर. सगळे त्यांना बाईसा म्हणत. राजपूत घरातल्या, ऐन विशीत विधवा झालेल्या, सासऱ्यांनी घरीच शिकवून मॅट्रिकला बसवलेल्या. पदरात एक मुलगी. ज्यांना वाचता येत नसे त्यांना बाईसा मोठ्याने वाचून दाखवत, आणि मध्येच थांबून विचारत, "अब बताओ, आगे क्या होगा?" मग सगळ्याजणी भांडत. मी तपासणीसाठी म्हणून तिथे जायची आणि ऐकत बसायची. नोकरी मात्र हंगामी. दर वर्षी मुदत वाढवून मिळायची.

चीनशी युद्ध होऊन गेलं होतं आणि सगळीकडे काटकसरीची भाषा सुरू होती. माथुरसाहेब एक दिवस सचिवालयातल्या बैठकीहून परत आले आणि त्यांनी मला आत बोलावून दार लावायला सांगितलं.

"महिला कक्ष बंद करायचा विचार चाललाय," ते म्हणाले. "तिथल्या हंगामी जागा रद्द होतील. मला शाखांमधल्या हंगामी नोकरांची माहिती वर पाठवायची आहे, ती तयार करा. आणि ये बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी. अजून नुसता प्रस्ताव आहे."

मी मान हलवली. आस्थापनेत अशा गोष्टी कळतच असतात, तोंड बंद ठेवणं हा कामाचाच भाग. पण बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि नोकरांची यादी पुढे ओढली. त्या जागा म्हणजे बाईसा. आणि माझ्या स्वतःच्या कायम होण्याचे कागदही त्याच वेळी साहेबांच्या टेबलावर सहीसाठी होते.

त्या शनिवारी वाचन संपलं, सगळे पांगले, आणि बाईसा माझ्या टेबलाशी आल्या. चेहऱ्यावर हसू.

"बहनजी, सीकरहून पत्र आलंय. कन्याशाळेच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा देताहेत. पक्की जागा, राहायला खोली."

मला वाटलं, देव पावला. "अरे वा! मग कधी जाताय?"

"जाते कुठली! मुलगी इथल्या शाळेत रमलीय. सासरे थकलेत, त्यांना हे शहर सोडवत नाही. आणि माझ्या त्या बायका? मी गेले तर त्यांच्या घरचे त्यांना जिना चढू देतील का? सोमवारी नकार कळवून टाकते." मग मुद्दाम थट्टेच्या सुरात म्हणाल्या, "क्यों, फाटक बंद तो नहीं हो रहा?"

मी काहीतरी बोलून हातातले कागद उगाच एकावर एक लावत राहिले. त्या गेल्या तशी मी उठून सरळ माथुरसाहेबांकडे गेले.

"साहेब, बाईसा पक्की नोकरी नाकारताहेत. त्यांना सांगायला हवं."

"काय सांगणार? आदेश कुठे आहे?"

"विचार चाललाय एवढं तरी."

"फाटकजी," त्यांनी चष्मा काढून ठेवला, "विचार बदलतात. एकीला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार. छँटनीच्या वेळी काय झालं ते तुम्हीच पाहिलंत. शिवाय त्या बायकांचं येणं आजच बंद होईल. मग कक्ष चालू ठेवा म्हणून मी वर कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यांचं चूक नव्हतं. हेच तर वाईट होतं. त्यांचं म्हणणं मला पुरतं पटत होतं आणि तरी बाईसांचा तो हसरा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"मग तुम्ही सांगा. तुम्ही साहेब आहात, योग्य शब्दांत सांगाल."

"मेरे हाथ बँधे हैं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मी आज सांगणार. चोरून नको, म्हणून आधी तुम्हाला सांगतेय."

ते समोरची फाईल उघडून म्हणाले, "मैंने कुछ सुना नहीं."

दुपारी मी जेवायला घरी गेले. हे अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून आलेले. पोळीचा घास तोंडात फिरत राहिला तेव्हा त्यांनी खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं.

"तू कारकून आहेस," हे म्हणाले. "सरकारी गोष्ट फोडलीस तर आधी तुझी गच्छंती."

"आणि तिची?"

"तिची जाणारच आहे असं तूच म्हणतेस. मग दोघींची कशाला?"

हे दुष्ट नव्हते, काळजीने बोलत होते. भाड्याचं घर, मुलगा लहान, गावाकडे पैसे पाठवावे लागायचे. मी ताट उचललं, साडी बदलली आणि टांगा केला. वाटेत दोनदा वाटलं, टांगेवाल्याला परत फिरव म्हणावं. चांदपोलपर्यंत घोड्याच्या टापांबरोबर माझ्या कानात एकच वाक्य वाजत होतं, विचार बदलतात, विचार बदलतात.

वर वाचन रंगात आलं होतं. बाईसांनी मला पाहिलं, मासिक एका बाईच्या हाती दिलं आणि आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिलो. मी एका दमात सांगून टाकलं. आदेश नाही, पण कक्ष बंद करायचा विचार आहे. झाला तर तुमची जागा जाईल.

त्यांनी पदर पुढे ओढून घेतला. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"पक्की बात?"

"नाही. पक्की असती तर शनिवारी वाचली असती."

"बहनजी, मेरी जगह आप होतीं तो क्या करतीं?"

आता विचार करते तेव्हा वाटतं, इथे मी क्षणभर थांबायला हवं होतं. पण सकाळपासून जीव इतका घाबराघुबरा झालेला, की तो भार उतरवायची घाई झाली होती. मी म्हणाले, "मी सीकरला गेले असते."

त्यांनी मान हलवली. मग त्या आत बायकांकडे गेल्या.

पंधरवड्यात त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी त्या कक्षात इतक्या बायका जमल्या की जिन्यावरसुद्धा उभं राहायला जागा नव्हती. मला मात्र रडू आलं नाही. मी फक्त भ्यायलेली होते. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलत. माझे कागद त्यांच्या टेबलावर तसेच पडून राहिले. तो राग होता की नेहमीची सरकारी सुस्ती, मला कधी कळलं नाही.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. टपाल आलं की मी आधी खात्याचा लिफाफा शोधायची. त्यात कक्षाबद्दल काही नसायचं. उन्हाळा आला, गेला. एक दिवस लिफाफा फोडताना माझ्या लक्षात आलं, की मी मनातल्या मनात कक्ष बंद व्हावा म्हणून प्रार्थना करते आहे. तिथल्या त्या बायका, ते पडदे, ते वाचन, सगळं बंद व्हावं. का, तर माझं सांगणं खरं ठरावं म्हणून. तो लिफाफा तसाच टेबलावर ठेवून मी बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुतलं.

दरम्यान बाईसांच्या जागी सुदेश नावाची पंजाबी मुलगी हंगामी लागली होती. राजा पार्क वसाहतीत राहायची. फाळणीत घरदार सोडून आलेलं कुटुंब, वडील अंथरुणाला खिळलेले. बुजरी होती, तिला बाईसांसारखं वाचता येत नसे. बऱ्याच बायका यायच्या बंद झाल्या, पण ती नेटाने पडदे धुवायची, मासिकं लावून ठेवायची.

शेवटी आदेश आला. माथुरसाहेबांनी तो स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि परत गेले. महिला कक्ष चालू राहील. तिथल्या हंगामी जागा कायम करण्यात येत आहेत.

शनिवारी तो मीच वाचला. त्या दिवशी दालनात कोण कुठे उभं होतं ते आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. सुदेशला आधी अर्थच कळला नाही. मी पुन्हा सोप्या शब्दांत सांगितलं तेव्हा ती तिथेच खाली बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली. लोक टाळ्या वाजवत होते. गफूरमियाँनी असली बात विचारली नाही. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी बाईसांना आधीच काही सांगितलं होतं, हे त्यांनाही बहुधा ठाऊक असावं.

बाईसा आता आमच्या नोकर नव्हत्या. त्यांना कळवायची माझ्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. दुसऱ्या कोणाकडून त्यांना ते उशिरा कळलंही असतं. पण पुढच्या सुट्टीला मी सीकरची बस धरली. हे स्टँडवर सोडायला आले होते, त्यांनी या वेळी काही म्हटलं नाही, फक्त फिरकीचा तांब्या भरून दिला.

वसतिगृहाच्या ओसरीत बाईसा मुलींच्या वेण्या घालत होत्या. मला बघून लगबगीने उठल्या, चहा ठेवला. सासरे वर्षाच्या आतच गेल्याचं सांगितलं. "जयपूर सुटलं ते त्यांना मानवलं नाही," एवढंच म्हणाल्या. मुलगी मात्र इथे वर्गात पहिली येत होती.

मी कप खाली ठेवला आणि आदेश सांगितला. कक्ष चालू आहे. तुमची जागा कायम झाली आहे.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, बोल लावावा. तोंडाशी आलेली माफी मी दोनदा गिळली, कारण ती मागून मला बरं वाटलं असतं, त्यांना काय मिळणार होतं?

"एक बात बताओ," त्या म्हणाल्या. "आप क्या करतीं, ये नहीं पूछ रही. कायदा बताओ. मी परत अर्ज करू शकते?"

नियम मला पाठ होता. "करू शकता. तुमची आधीची नोकरी धरली जाईल. तुमचा हक्क आधी येतो."

"आणि आता तिथे कोण आहे?"

मी सुदेशबद्दल सांगितलं. वडील, राजा पार्क, धुतलेले पडदे, शनिवारचं रडणं.

"ती वाचून दाखवते?"

"प्रयत्न करते. लाजते."

बाईसा हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. मग आतून एक गठ्ठा घेऊन आल्या. जुन्या मासिकांचा होता, कोपरे दुमडलेले. "हे तिला द्या. यातल्या गोष्टी बायकांना आवडतात. आणि तिला म्हणावं, मध्येच थांबायचं. पुढे काय होईल ते त्यांनाच विचारायचं. सब वापस आ जाएँगी."

"आणि अर्ज?"

"अर्ज नाही," त्या म्हणाल्या आणि अर्धवट राहिलेली वेणी घालायला मुलीच्या मागे बसल्या.

परतीच्या बसमध्ये तो गठ्ठा माझ्या मांडीवर होता. सगळं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सुदेशने त्या गोष्टी वाचल्या, बायका हळूहळू परत आल्या, काही वर्षांनी माझे कागदही सही होऊन आले. नोकरीत पुढेही कितीतरी वेळा आदेशाआधीच्या खबरी माझ्या कानावर आल्या आणि ज्याचं पोट त्यावर होतं त्याला मी त्या सांगितल्या, साहेबांना आधी सांगून. माणसं हवालदिल व्हायची आणि विचारायची, बहनजी, तुम्ही आमच्या जागी असतात तर काय केलं असतं? मी नियम सांगायची, तारीख सांगायची, अर्ज कुठे द्यायचा ते सांगायची. त्या एका प्रश्नावर मात्र गप्प बसायची. माथुरसाहेबांच्या नंतरच्या साहेबांच्या काळात तर मी कोरडी बाई म्हणूनच प्रसिद्ध होते. तशी मी नव्हते, हे मी कोणाला पटवून द्यायला गेले नाही.